आनंदीबाईंचे रोझेलमधील माहेर

शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील एखाद्या कुटुंबात राहायला मिळाले, तर त्या देशाची भाषा, चालीरीती आणि माणसे लवकर समजतात, असा आजचा अनुभव आहे. त्यासाठी संस्था आहेत, करार आहेत आणि मार्गदर्शनही आहे. १८८३ मध्ये यातले काहीच नव्हते. त्या वर्षी १८ वर्षांची एक मराठी मुलगी, पूर्वी कधीही न पाहिलेल्या बाईच्या घरी राहण्यासाठी अमेरिकेला निघाली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र महाराष्ट्राला वैद्यकीय पदवीमुळे माहीत आहे. पण त्या पदवीमागे न्यू जर्सीतील रोझेल या लहानशा गावातल्या एका घराचा मोठा वाटा होता.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. माहेर कल्याणच्या जोशी घराण्यातले आणि माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, १८७४ मध्ये, टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास विलक्षण होता आणि तो पुरा करण्याची रीत कठोर होती. अभ्यासात कुचराई झाली की मार बसे. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच तो दगावला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, या सलीतून डॉक्टर होण्याचा त्यांचा निश्चय आकाराला आला.

पत्रातून जुळलेले नाते

बायकोला अमेरिकेत शिकवता यावे यासाठी गोपाळरावांनी पूर्वी कोल्हापुरात राहिलेले मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले खरे, पण उत्तरात धर्मांतराचा उपदेश केला. प्रकरण तिथेच संपायचे. पण १८८० मध्ये दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत बसलेल्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती मासिकाचा तो अंक पडला. हिंदुस्थानातील एका अनोळखी मुलीच्या शिक्षणासाठी चाललेली ही धडपड त्यांच्या मनाला भिडली आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठवले. तेव्हा जोशी दांपत्याचा मुक्काम कच्छमध्ये भुज येथे होता.

पुढची जवळजवळ तीन वर्षे पत्रे येत-जात राहिली. सणवार, विधी, घरातल्या स्त्रियांचे जिणे, आजारपण, देवधर्म असा कोणताही विषय त्यांत वर्ज्य नव्हता. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणू लागल्या. मराठी घरात आईनंतरचा अधिकार मावशीचा असतो. समुद्रापलीकडच्या ख्रिस्ती बाईला तो मान देताना या मुलीला अवघडल्यासारखे वाटले नाही, हे विशेष.

अमेरिकेला जाण्याचा बेत जाहीर झाल्यावर टीकेचे मोहोळ उठले. गोपाळरावांची बदली तेव्हा बंगालमध्ये झाली होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर सभेपुढे इंग्रजीत भाषण करून आपली बाजू मांडली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा त्यांचा शब्द होता. दागिने विकून प्रवासाची तजवीज झाली. गोपाळराव सोबत जाऊ शकत नव्हते. ७ एप्रिल रोजी आनंदीबाईंनी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कलकत्ता सोडले. मांसाहार वर्ज्य असल्याने बोटीवर जेवणाचे हाल झाले, त्यात धर्मांतराचा आग्रहही सोसावा लागला. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटरबाई त्यांना न्यायला बंदरावर आल्या होत्या.

चार महिन्यांचे घर

रोझेल हे तसे छोटे गाव. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत एडिसनच्या यंत्रणेने तिथे विजेचे दिवे लागले होते. अशा गावात नऊवारी नेसलेली, कपाळाला कुंकू लावणारी मुलगी कुतूहलाचा विषय ठरणे स्वाभाविकच होते. कार्पेंटर कुटुंबाने मात्र तिला नवलाईची वस्तू केले नाही. तिचा शाकाहार सांभाळला, तिच्या धर्माला हात लावला नाही. जे पत्र वाचून वाइल्डर यांना धर्मांतर सुचले, त्याच पत्राने कार्पेंटरबाईंना आपल्या घराचे दार उघडावेसे वाटले.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. आनंदीबाई अमेरिकन घरातले व्यवहार, शिष्टाचार आणि बोलण्याची ढब शिकल्या. घरातल्या मुलींना त्यांनी मराठी नावे दिली. आपल्या हातचा स्वयंपाक करून पाहुण्यांना भारतीय पद्धतीने जेवूही घातले. या घरात त्यांना दुसऱ्याच्या धाकाखाली वागावे लागले नाही. बालपणापासून नवऱ्याच्या शिस्तीत वाढलेल्या या मुलीला हसण्याखेळण्याचे दिवस मिळाले, ते बहुधा इथेच.

याचा अर्थ त्या अमेरिकेने भारावून गेल्या असा नाही. आपल्या समाजाला कोणी मागास म्हटले की त्या हिरिरीने उत्तर देत. पुढे अमेरिकन श्रोत्यांपुढे बालविवाहाच्या चालीचीही त्यांनी पाठराखण केली, आणि तिचे चटके स्वतः सोसलेल्या स्त्रीने ती करावी, हे आज वाचताना खटकते. परक्या मुलखात आपल्या माणसांची उणीदुणी काढणे त्यांना जमले नाही. यजमानांचा स्नेह स्वीकारायचा आणि स्वत्वही राखायचे, ही कसरत त्या अखेरपर्यंत करत राहिल्या.

फिलाडेल्फियाची थंडी

सप्टेंबरअखेर कार्पेंटरबाईंनी त्यांना फिलाडेल्फियाला पोहोचवले. तेथील वुमन्स मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठाता रेचल बॉडली यांचा आधार होता, तरी आता घर नव्हते. भाड्याची खोली होती. तिथली शेगडी धुराने खोली भरून टाकी. त्यामुळे धूर सोसायचा की गारठा, एवढीच निवड उरे. अभ्यास करून स्वतःच रांधायचे, तेही जमेल तेवढे. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. देशातून येणाऱ्या गोपाळरावांच्या पत्रांत कौतुकापेक्षा संशय आणि टोचणीच अधिक असे. आनंदीबाईंनीही लहानपणीच्या मारहाणीची आठवण त्यांना पत्रातून करून दिली. बोलता न आलेली ही गोष्ट सातासमुद्रापलीकडून लिहिता आली. सुटीत जायचे ठिकाण एकच होते, ते म्हणजे रोझेल. पण वर्षाचा मोठा भाग त्या उबेशिवाय जाई आणि प्रकृती ढासळत गेली.

प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंनी एम. डी. पदवी मिळवली. पदवीदान समारंभाला गोपाळराव आणि पंडिता रमाबाई हजर होते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. परंतु क्षयाने ग्रासलेले शरीर साथ देईना. १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईत उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती. शिकलेली विद्या रुग्णांच्या सेवेत लावण्याची संधी काळाने दिलीच नाही.

त्यानंतर गोपाळरावांनी जे केले, त्यावरून रोझेलच्या घराचे मोल कळते. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, आपल्या माणसांच्या शेजारी ठेवल्या. तिथल्या शिळेवर त्यांचे नाव, पदवी आणि शिक्षणासाठी देश सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असा उल्लेख कोरलेला आहे. हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणून परतण्याचा शब्द आनंदीबाईंनी पाळला होता. तरीही त्यांच्या अस्थींना ख्रिस्ती कुटुंबाच्या दफनभूमीत जागा मिळाली, आणि त्यासाठी त्यांना धर्म बदलावा लागला नाही.