मेघनाद साहा : ताऱ्यांमधला भेद खोटा ठरवणारा शास्त्रज्ञ

डॉ. मेघनाद साहा म्हटले की विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे आयनीभवनाचे समीकरण आठवते. पण या समीकरणामागचा माणूस कोण होता, कुठून आला होता, हे आपल्या तरुणांना क्वचितच सांगितले जाते. ज्याला वसतिगृहात इतरांच्या पंगतीत बसून जेवू दिले नाही, त्याच विद्यार्थ्याने पुढे जगाला ताऱ्यांचा प्रकाश वाचायला शिकवले. म्हणून हे चरित्र आपण वाचले पाहिजे.

मेघनाद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेवडातली या खेड्यात झाला. वडील जगन्नाथ यांचे छोटे किराणा दुकान होते. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. त्या काळच्या बंगालमध्ये त्यांची जात खालची समजली जात असे. गावातली प्राथमिक शाळा संपल्यावर मुलाने दुकानात बसावे, अशी वडिलांची इच्छा होती. पुढची शाळा कित्येक मैल दूर होती आणि घरात पैसा नव्हता. थोरला भाऊ जयनाथ मदतीला उभा राहिला. त्याने खटपट करून अनंत कुमार दास या डॉक्टरांच्या घरी मेघनादची राहण्या-जेवणाची सोय लावली. आपली ताटवाटी आपण घासायची आणि गाईकडे बघायचे, एवढीच अट होती. या घरात राहून मेघनाद संपूर्ण ढाका जिल्ह्यात पहिले आले आणि त्यांना शिष्यवृत्ती मिळाली.

१९०५ साली ते ढाक्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तेव्हा बंगालच्या फाळणीविरुद्ध आंदोलन पेटले होते. गव्हर्नरच्या भेटीच्या वेळी काही विद्यार्थ्यांनी निषेध केला, त्यात मेघनाद यांचेही नाव आले. शाळेतून काढण्यात आले, शिष्यवृत्तीही गेली. गरिबाच्या मुलाचे शिक्षण इथेच संपले असते. पण एका खाजगी शाळेने त्यांना सामावून घेतले आणि १९०९ च्या प्रवेश परीक्षेत ते पूर्व बंगालमध्ये पहिले आले.

१९११ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये प्रवेश मिळाला. सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र, जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय शिक्षक. बुद्धीला यापेक्षा चांगली जागा नव्हती. पण ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये बुद्धीपेक्षा जात मोठी होती. काही सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांना आपल्यासोबत जेवायला बसण्यास विरोध केला. सरस्वती पूजेच्या वेळीही त्यांना दूर ठेवले गेले. ज्याने अभ्यासात सगळ्यांना मागे टाकले, त्यालाच विद्येच्या देवीच्या मंडपात जागा नव्हती. हा अपमान त्यांनी विसरला नाही, पण त्यात ते अडकूनही पडले नाहीत.

आता त्यांच्या शोधाकडे येऊ. त्यासाठी आधी घरातला बर्फ बघा. एक ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते आणि तोवर तापमान शून्य अंशावरच राहते. तेच एक ग्रॅम पाणी उकळून वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, तेव्हाही तापमान १०० अंशांवरच थांबते. मग ही ऊर्जा जाते कुठे? ती रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. पदार्थ तोच राहतो, अवस्था बदलते. यात दाबाचाही वाटा असतो. म्हणूनच महाबळेश्वरला पाणी मुंबईपेक्षा कमी तापमानाला उकळते.

वायू आणखी हजारो अंश तापवला तर काय होईल? साहांनी इथे नेमका विचार केला. रेणू जसे द्रवातून सुटून वाफ होतात, तसाच इलेक्ट्रॉन अणूतून सुटतो, असे मानून त्यांनी उष्मागतिकीचे नियम थेट अणूला लावले. किती अणू असे फुटतील हे तापमान, दाब आणि इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी ऊर्जा यांवरून काढता येते, हे त्यांचे समीकरण सांगते. तापमान जास्त तर जास्त अणू फुटतात. दाब कमी असेल तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत अणू भेटणे अवघड होते, म्हणून तेव्हाही फुटलेले अणू अधिक राहतात. सूर्याच्या वातावरणात उंचावर फुटलेल्या कॅल्शियमच्या रेषा का ठळक दिसतात, याचे उत्तर यातून मिळाले. हा शोधनिबंध १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा साहा २७ वर्षांचे होते.

याचा परिणाम मोठा झाला. हार्वर्डच्या खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे वर्ग पाडले होते. प्रत्येक वर्गाचा वर्णपट वेगळा, त्यामुळे हे तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे असावेत असे वाटे. साहांनी दाखवले की हा फरक मुख्यतः तापमानाचा आहे. एखाद्या मूलद्रव्याची रेषा दिसली नाही म्हणजे ते तिथे नाही असे नव्हे, त्याची अवस्था वेगळी आहे. सूर्यावरच्या थंड डागांत रुबिडियमच्या रेषा सापडतील असे भाकीत त्यांनी केले आणि अमेरिकेत रसेल यांनी ते खरे ठरवले. १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी याच समीकरणाच्या आधारे तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत हे दाखवले.

याच संशोधनासाठी साहांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली होती. मुंबईच्या या व्यापाऱ्याच्या देणगीतून ती कोलकाता विद्यापीठात सुरू झाली होती. साहा लंडन आणि बर्लिनला जाऊन आले, १९२३ पासून अलाहाबादला शिकवू लागले आणि १९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते.

पण प्रयोगशाळेत बसून राहणे त्यांना मान्य नव्हते. सारे आधुनिक विज्ञान वेदांत आधीच आहे, या दाव्याचा त्यांनी बंगाली मासिकातून ग्रंथ वाचून, पुराव्यानिशी समाचार घेतला. लहानपणापासून पाहिलेल्या पुरांवर त्यांनी सातत्याने लिहिले. १९४३ मध्ये दामोदर नदीला महापूर आल्यावर नेमलेल्या चौकशी समितीत ते होते. नदीच्या संपूर्ण खोऱ्याचे एकत्र नियोजन करावे असे या समितीने सुचवले. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जानेवारी १९४५ मध्ये कोलकात्यात त्यांच्याच अध्यक्षतेखाली या योजनेची बैठक झाली आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. पाणी आणि वीज सामान्य माणसाच्या कामी यावी, या एकाच विचाराने हे दोघे काम करत होते.

१९५२ मध्ये साहा कोलकात्यातून लोकसभेवर निवडून गेले. पंचांग सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. आजची राष्ट्रीय दिनदर्शिका त्यांच्याच कामाचे फळ आहे. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जाताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

मित्रांनो, साहांच्या समीकरणात जातीचा उल्लेख नाही आणि त्यांनी तो अर्थ काढलाही नसेल. पण आपण तो जरूर काढावा. जे वर्ग जन्मजात वाटत होते, ते परिस्थितीचे निघाले. द्रव्य एकच होते. गरज होती ती पुरेशी ऊर्जा मिळण्याची. खेड्यातल्या त्या मुलाला ती एका भावाने, एका डॉक्टरने आणि एका शिष्यवृत्तीने दिली. आज आपल्या वस्तीत असा मेघनाद कोण आहे ते शोधा आणि त्याची फी भरली आहे का, हे आधी विचारा.