एका पटाचे दोन नियम

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुपारची वामकुक्षी आटोपून मी चहाची वाट पाहत बसलो होतो, तोच आतल्या खोलीतून नातवाच्या रडण्याचा आवाज आला. वय वर्षे दहा. पडला-बिडला की काय म्हणून धावलो, तर स्वारी टॅब्लेट पालथा टाकून पलंगावर मुसमुसत बसलेली. खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. 'माइनक्राफ्ट' नावाचा एक खेळ आहे. चौकोनी ठोकळ्यांचं एक जग असतं, त्यात खाणी खणायच्या, शेती करायची, घरं बांधायची. इंटरनेटवरून अनेक मुलं एकाच जगात एकाच वेळी वावरू शकतात. आमच्या पठ्ठ्याने चार दिवस खाणीत खपून हिरे जमवले होते. ते घेऊन घरी निघाला असताना सोसायटीतल्याच दोन मोठ्या मुलांनी त्याला वाटेत गाठला, तलवारीने मारला आणि हिरे लुटले.

संध्याकाळी घरात दोन तट पडले. जावयाचं म्हणणं, खेळ म्हटला की हार-जीत आलीच, पोरगा जरा घट्ट होऊ दे. मुलीचं म्हणणं, हा खेळच काढून टाका. नातवाचं म्हणणं मात्र तिसरंच होतं. त्याला खेळ हवा होता, मित्रही हवे होते, फक्त मित्रांकडून मरायचं नव्हतं. सगळ्यांनी मिळून खेळायचा असा नियम का नाही, एवढाच त्याचा प्रश्न. आणि गंमत अशी, की तो नियम त्या खेळात आहे! जो हे सामाईक जग सुरू करतो, त्याला खेळाडूंची आपसातली मारामारी बंद ठेवता येते. पण सहा मुलांपैकी एकालाही ते ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मला एका अमेरिकन बाईची आठवण झाली. तिने सव्वाशे वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तरही दिलं होतं, आणि ते उत्तर जगाने हरवून टाकलं.

तिचं नाव एलिझाबेथ मॅगी. सगळे तिला लिझी म्हणत. जन्म १८६६ सालचा, इलिनॉय राज्यातला. वडील वृत्तपत्र चालवणारे आणि गुलामगिरीचे कडवे विरोधक. त्यांनी मुलीच्या हाती एक पुस्तक दिलं, हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचं 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी'. १८७९ साली निघालेल्या या ग्रंथाने तेव्हा अनेकांची झोप उडवली होती. जॉर्जचा मुद्दा मला समजला तो बँकेच्या नोकरीत. तालुक्याच्या शाखेत असताना मी तारणाच्या जमिनींची मूल्यांकनं पाहत असे. गावाजवळून हमरस्ता गेला, की दोन वर्षांत पडीक जमिनीची किंमत दसपट होई. मालकाने त्यात एक कुदळही मारलेली नसे. रस्ता सरकारचा, वर्दळ लोकांची, आणि वाढलेला पैसा मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचा. जॉर्जचं सांगणं असं, की जमिनीचं हे वाढीव मोल समाजाच्या कष्टातून येतं. म्हणून कर त्यावर बसवावा आणि माणसाच्या मेहनतीवरचे बाकीचे कर काढून टाकावेत.

लिझी वॉशिंग्टनला लघुलेखिका आणि टंकलेखिका म्हणून नोकरी करू लागली. काही काळ ती टपाल खात्याच्या, पत्ता न लागलेल्या पत्रांच्या कचेरीत होती. संध्याकाळी कविता-कथा लिहायच्या, रंगमंचावर विनोदी कामं करायची. टंकयंत्राच्या रुळातून कागद सहज सरकावा म्हणून तिने एक युक्ती शोधली आणि १८९३ साली तिचं पेटंटही मिळवलं. ज्या काळात तिथल्या बाईला साधा मताचा अधिकार नव्हता, त्या काळातली ही गोष्ट.

जॉर्जचे विचार लोकांना सांगायचे तर व्याख्यानांना येतं कोण? लिझीने ओळखलं, की जे कानाला कळत नाही ते हाताला कळतं. तिने एक पट आखला. चौकोनी वाट, कडेने जमिनी, चार रेल्वे, कोपऱ्यात तुरुंग. फेरी पूर्ण केली की भूमातेवर राबल्याची मजुरी म्हणून शंभर डॉलर. परक्या उमरावाच्या जमिनीवर पाऊल पडलं की थेट तुरुंगात रवानगी. दुसऱ्या एका कोपऱ्यात सार्वजनिक बाग, तिच्याच शेजारी कंगालांचं अनाथालय. या 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट तिला ५ जानेवारी १९०४ रोजी मिळालं आणि १९०६ साली खेळ बाजारात आला.

वाचकांच्या लक्षात आलंच असेल. हाच तो खेळ. पुढे तो 'मोनोपॉली' झाला आणि आपल्याकडे 'व्यापार' होऊन घरोघरच्या सुट्ट्यांत शिरला. मुंबईचं तिकीट, हॉटेल, चान्स, जेल. आमच्या वाड्यात मी नेहमी बँकर व्हायचो, आणि धाकट्या भावाला पुणं गहाण टाकायला लावून खदाखदा हसायचो. पुढे खऱ्या बँकेत गहाणखतावर कापऱ्या हाताने उठलेले अंगठे पाहिले, तेव्हा ते हसू आठवून लाज वाटली.

पण लिझीच्या पेटीत जे होतं, ते आमच्या पेटीत नव्हतं. तिने एकाच पटासाठी दोन नियमावल्या दिल्या होत्या. पहिली मक्तेदारीची : जमिनी बळकावा, भाडं वसूल करा, बाकीच्यांना धुळीला मिळवा, शेवटी उरेल तो जिंकला. दुसरी भरभराटीची : जमिनीचं भाडं सार्वजनिक तिजोरीत जाई, कोणी नवी जमीन घेतली तर लाभ सगळ्यांच्या पदरात पडे. आणि खेळ संपे कधी? तर सुरुवातीला ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे होते, त्याचे दुप्पट झाले म्हणजे. मग जिंकले सगळेच. लोकांनी दोन्ही खेळ खेळून बघावेत, एकात मन कसं होतं आणि दुसऱ्यात कसं होतं हे स्वतःच ताडावं, अशी तिची योजना होती. तिने मक्तेदारीवर बंदी घातली नाही. तिच्याशेजारी दुसरा पाट मांडला.

बाई नुसती विचारी नव्हती, खट्याळही होती. १९०६ साली आठवड्याच्या दहा डॉलरांत एकट्या बाईचं भागत नाही हे जगाला दाखवायला तिने वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली, की एक तरुण अमेरिकन गुलाम स्त्री सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला विकणे आहे. केवढा गहजब झाला! पुढे तिने वार्ताहराचं काम केलं आणि १९१० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, अल्बर्ट फिलिप्स यांच्याशी लग्न केलं.

खेळ मात्र तिच्या हातातून सुटून आपल्या पायांनी चालू लागला. जॉर्जच्या अनुयायांनी डेलावेअर राज्यात वसवलेल्या आर्डेन गावात तो रंगला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक स्कॉट निअरिंग यांनी तो विद्यार्थ्यांना शिकवला. हाताने रंगवलेल्या प्रती एका घरातून दुसऱ्या घरात गेल्या, अटलांटिक सिटीतल्या क्वेकर मंडळींनी त्यावर आपल्या गावचे रस्ते घातले. प्रत्येक नकलेबरोबर एक गोष्ट मात्र गळत गेली. माणसं पट उतरवून घेत, मक्तेदारीचे नियम तोंडपाठ सांगत, आणि दुसरी नियमावली सांगायची राहून जाई.

आर्थिक मंदीत नोकरी गमावलेल्या चार्ल्स डॅरो या गृहस्थाने हा खेळ फिलाडेल्फियात एका परिचिताकडून शिकून घेतला आणि स्वतःचा म्हणून विकायला काढला. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने तो त्याच्याकडून घेतला. खप तुफान झाला, डॅरो श्रीमंत झाला. लिझीने १९२४ मध्ये सुधारित खेळाचं नवं पेटंट घेतलेलं होतं. ते कंपनीने पाचशे डॉलरला विकत घेतलं, पुढच्या विक्रीतला वाटा शून्य. तिला आधी आनंदच झाला, आता आपला विचार लाखो घरांत जाईल म्हणून. घराघरांत गेली ती मक्तेदारी. १९३६ च्या जानेवारीत सत्तरीला आलेल्या या बाईने वॉशिंग्टनच्या वृत्तपत्रांकडे जाऊन आपले जुने पट दाखवले आणि खरी हकीकत मांडली. फारसं कोणी ऐकलं नाही. कंपनीने तिचा मूळ खेळ १९३९ मध्ये काढला, पण तो चालला नाही. १९४० च्या जनगणनेत तिने आपला व्यवसाय खेळ तयार करणारी असा लिहिला आणि मिळकत शून्य. १९४८ साली ती गेली.

तिचं नाव पुन्हा वर आलं ते राल्फ अॅन्स्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकामुळे. त्यांनी १९७३ च्या सुमारास मक्तेदारीविरोधी खेळ काढला, कंपनीशी त्यांचा कोर्टात वाद जुंपला, आणि बचावासाठी जुनी कागदपत्रं उपसताना त्यांना लिझीची पेटंटं सापडली. जवळजवळ दहा वर्षं चाललेला तो दावा १९८३ साली संपला. आज तिच्यावर पुस्तकं आहेत, मोनोपॉलीची खरी जननी म्हणून जग तिला ओळखतं.

मला स्वतःला एक शंका बराच काळ सतावत होती. दुसरी नियमावली मेली ती नुसत्या विसरभोळेपणाने की ती अळणी होती म्हणून? खरं सांगायचं तर भावाला बुडवण्यात मजा होती, हे मी नाकारणार नाही. बळी तो कान पिळी हा नियम खेळात चटकन चढतो. इंटरनेटवरच्या खेळांतही हेच घडलं. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचं हजारो माणसांचं एक काल्पनिक राज्य सुरू झालं. तिथे नवखा माणूस वेशीबाहेर पडला की जुने खेळाडू त्याला मारून लुटत. अखेर २००० साली चालकांनी त्याच राज्याची जुळी प्रतिकृती काढली. एकात पूर्वीसारखी मारामारी, दुसरीत खेळाडूने खेळाडूवर त्याच्या मर्जीविरुद्ध हात टाकायचा नाही. बहुतेक वस्ती त्या दुसऱ्या बाजूला गेली. जुने जाणते मात्र अजून हळहळतात, की भीती गेली आणि तिच्याबरोबर थरारही गेला. मला वाटतं, दोघांचंही खरं आहे. म्हणून तर दोन्ही हवं.

मात्र दोन्ही हवं म्हणताना लिझीची कहाणी दोन अटी घालते. एक म्हणजे, मिळून खेळायचा खेळ मारामारी वजा करून उरलेला चोथा नसावा. त्यातही पूर यावा, रात्र पडावी, मिळून हरण्याची धास्ती असावी. आपल्याकडे फुगडीत कोण जिंकतं? कोणीच नाही, पण हात सुटला तर दोघी पडतात, आणि त्या धाकानेच ती रंगते. दुसरी अट म्हणजे, हा नियम पेटीच्या तळाशी असून भागत नाही. खेळ उघडताच तो दुसऱ्याच्या बरोबरीने समोर दिसला पाहिजे, निवड मुलांनी स्वतः केली पाहिजे. जो नियम शोधावा लागतो, तो नकलेत गळतो.

आणि हे लहानग्यांच्या रडण्यापुरतं नाही. ज्या मुलाला एकच नियम दिसतो, त्याला तो नियम न वाटता जगाची रीत वाटू लागतो. दोन दिसले, की त्याला कळतं : नियम माणसांनी केलेले असतात, ते बदलता येतात. लिझीला खरं तर एवढंच शिकवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोन मोठ्या मुलांनाही चहा-बिस्किटांना बोलावलं. आधी नातवाला भीती वाटली. मग सहाही जणांनी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून मतं घेतली. ठरलं ते असं, की एक जग लढाईचं आणि एक बिनलढाईचं. ज्याला जिथे जायचं तिथे त्याने जावं. लुटलेले हिरे परत मिळाले नाहीत. पण परवा नातू सांगत होता, की दुसऱ्या जगात त्याने एक लांबलचक पूल घातलाय, आणि पुलाचे खांब त्याच दोन दांडगटांनी रचून दिलेत.