बाळासाहेब खेर आणि गुन्ह्याचा शिक्का

सरकारी दप्तरात ज्याची नोंद कैदी म्हणून झाली, त्याच्याच हाती काही वर्षांत प्रांताचा कारभार यावा, हा योग मुंबई इलाख्याने 1937 मध्ये अनुभवला. रत्नागिरीत 1888 साली जन्मलेले बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर व्यवसायाने सॉलिसिटर. कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी कारावास पत्करला आणि पुढे ते प्रांताचे पंतप्रधान झाले. लोकमताने त्यांची शिक्षा भूषण मानली. परंतु ज्याच्या पाठीशी लोकमत नाही, अशा सामान्य अपराध्याचे काय?

खेर मंत्रिमंडळाने याचे उत्तर कायद्यातून दिले. 1938 च्या परिवीक्षा कायद्याने अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुधारण्याची वाट मोकळी झाली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर जन्मालाच गुन्हा ठरवले होते. नाव नोंदवहीत, हजेरी पोलिसांकडे, वस्ती सोलापूरसारख्या कुंपणात. त्याच्या फेरविचारासाठी गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खेरांच्या दुसऱ्या कारकिर्दीत, 1949 मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा रद्द झाला. देशभर तो 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. 1957 मध्ये खेर निवर्तले, आणि दोनच वर्षांनी सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्याने नवी नोंदवही उघडली. कायदा मिटला तरी संशय मिटत नाही, हेच त्यातून दिसले.

आज बेसासारख्या नागपूरलगतच्या वस्तीतून नोकरीसाठी निघालेल्या तरुणालाही चारित्र्य पडताळणीचा उंबरठा ओलांडावा लागतो. 1958 च्या परिवीक्षा कायद्याचे 12 वे कलम परिवीक्षेवर सुटलेल्याची शिक्षेमुळे येणारी अपात्रता दूर करते; 2015 चा बाल न्याय कायदा, गंभीर अपवाद वगळता, बालकांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद करतो. पण किरकोळ गुन्ह्याची शिक्षा भोगून पंधरा-वीस वर्षे सचोटीने जगलेल्या प्रौढाला असा सर्वसाधारण आधार नाही. त्याला नोकरी नाकारली गेली, तर समाज एक कमावता हात गमावतो आणि त्याच्या मुलांवर त्या दंडाचा भार पडतो.

मालकाला नोकराची माहिती हवी, ही शंका रास्त आहे. म्हणून हिंसक व लैंगिक गुन्हे वगळावेत, न्यायालयाला व पोलिसांना नोंद पाहण्याची मुभा ठेवावी. मात्र ठरावीक निष्कलंक वर्षांनंतर ती इतरांसाठी बंद व्हावी. खेरांनी अपराध्याला सुधारण्याची वाट दिली; सुधारलेल्याला पुन्हा माणसांत घेण्याचे काम विधिमंडळाकडे बाकी आहे.