एव्हरी यांच्या प्रयोगशाळेतले सीआरपी

कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी १८७७ मध्ये जन्मलेले डॉ. ऑस्वाल्ड एव्हरी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत वर्षानुवर्षे न्यूमोकोकस या एकाच जंतूच्या मागे लागले होते. तेव्हा न्यूमोनियावर प्रतिजैविके नव्हती.

१९३० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेतील विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. न्यूमोनियाच्या रुग्णाचे सीरम या जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकात मिसळले की साका बसे. रुग्ण बरा झाला की तो बसत नसे. प्रतिपिंडांचे नेमके उलटे! हा पदार्थ प्रथिन असल्याचे एव्हरी आणि सहकाऱ्यांनी पुढे दाखवले. तेच आजचे सीआरपी. संसर्ग झाला की यकृत ते भराभर तयार करते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सेप्सिस झाला तरी ताप येईलच असे नाही. ते मलूल पडते, दूध ओढत नाही, श्वास मध्येच थांबतो. अशा वेळी सीआरपी पाहतात. मात्र ते वाढायला १२ ते २४ तास लागतात. म्हणून पहिला अहवाल चांगला आला तरी डॉक्टर निर्धास्त होत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतात. बाळ सुधारत असेल, ब्लड कल्चरमध्ये जंतू नसतील आणि सीआरपी वाढलेच नसेल, तर प्रतिजैविके लवकर थांबवता येतात.

आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए आहे, हे १९४४ मध्ये दाखवणारे एव्हरी हेच. तरीही नोबेल मिळाले नाही. १९५५ मध्ये नॅशव्हिल येथे त्यांचे निधन झाले.