रिद्धपूरचे नागदेवाचार्य



आपल्या अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर हे गाव आहे. महानुभाव पंथाची ही काशी. काळ्या व कधी पांढऱ्या वस्त्रांतले साधू-साध्वी आपण एसटी स्टँडवर पुष्कळदा पाहतो, पण ही मंडळी कुठून आली, त्यांना घडवले कोणी, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. यंदा आपण पाचारणाविषयी, तरुण व्रतस्थांच्या घडणीविषयी बोलत आहोत, म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एका जुन्या गुरूची ओळख करून घेऊ.

त्यांचे नाव नागदेव. पंथात त्यांना भटोबास म्हणतात. तेरावे शतक, देवगिरीला यादवांचे राज्य. पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी मराठी मुलखात गावोगाव फिरत होते. स्त्रिया असोत की कोणत्याही जातीचे लोक असोत, संन्यासाची वाट त्यांनी सर्वांना मोकळी केली. नियम मात्र कडक होते. घर-गाव सोडायचे, एका जागी रमायचे नाही, भिक्षा मागून जेवायचे, जिवाची हिंसा करायची नाही, एकांतात बसून देवाचे नाव आठवायचे. ओळखीच्या माणसांत राहिले की माया जडते, म्हणून परक्या गावाच्या कडेला झाडाखाली राहावे, अशी त्यांची शिकवण होती. नागदेव त्यांचे निकटचे शिष्य होते.

सुमारे १२७४ साली स्वामी शिष्यांना सोडून उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांची अवस्था आईवेगळ्या लेकरांसारखी झाली. नागदेव तर दुःखाने खचून गेले. पण स्वामींनी त्यांना रिद्धपूरला जाऊन आपले गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहण्यास सांगितले होते. त्या आज्ञेप्रमाणे सगळे रिद्धपूरला आले. गोविंदप्रभूंचे वागणे जगावेगळे असे. कोणत्याही घरी जात, कोणाच्याही हातचे खात. गाव त्यांना मायबाप मानी. त्यांच्या अखेरीपर्यंत नागदेवांनी त्यांची सेवा केली.

त्यानंतर मात्र वर कोणी उरले नाही. सगळी मंडळी नागदेवांच्या तोंडाकडे पाहू लागली. नवी तरुण माणसे पंथात येत होती, त्यांना घडवायचे कसे? आणि इथे एक मोठी अडचण होती. नागदेव काही मोठे पंडित नव्हते. शिष्य मात्र एकाहून एक विद्वान. म्हाइंभट हे सराळे गावचे नामांकित विद्वान, मुळात वाद घालायला म्हणून आलेले. केशिराज संस्कृतात पारंगत. दामोदर पंडित, कवी नरेंद्र हेही त्याच पंक्तीतले. अशा शिष्यांपुढे गुरू सहज दबून गेला असता.

नागदेव दबले नाहीत. केशिराजांनी पंथाचे ज्ञान संस्कृतात मांडण्याचा विचार केला, तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिले तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. स्वामी आपल्याशी मराठीत बोलले, तेव्हा आपणही मराठीतच बोलायचे. केशिराजांचे सूत्रपाठ व दृष्टांतपाठ मराठीतच आहेत ते यामुळे. (पुढे तीनशेहून अधिक वर्षांनी गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठीत रचले, त्यामागेही साध्या माणसांचीच चिंता होती.)

जुने जपायचे म्हणजे काय, याचा आणखी एक नमुना लीळाचरित्रात दिसतो. स्वामींच्या आठवणी हरवू नयेत म्हणून म्हाइंभटांनी त्या लिहून काढायचे ठरवले. रिद्धपुरात वाजेश्वरीच्या देवळात नागदेव आठवून सांगत आणि म्हाइंभट टिपून घेत. पण एकट्या नागदेवांच्या आठवणीवर काम संपले नाही. ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून खात्री करून घेण्यासाठी म्हाइंभट गावोगाव हिंडले. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ असा तयार झाला. आपल्याला वाटते, पुढारी म्हटला की सर्व त्यालाच माहीत असते. इथे पुढाऱ्याचे सांगणेही तपासले गेले.

नागदेवांची चुलत बहीण महदंबा हीही याच मंडळीत होती. तिला प्रश्न फार पडत, आणि ती ते विचारत असे. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या लीलेत तिने धवळे गाइले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते.

एक गोष्ट मात्र नागदेवांना सोपी गेली नाही. स्वामींची आज्ञा एकट्याने हिंडण्याची, आणि शिष्यांची ओढ गुरूभोवती एकत्र राहण्याची. एकत्र राहिले तर नियम मोडतो, सगळेच पांगले तर नव्या माणसाला शिकवणार कोण? स्मृतिस्थळ या ग्रंथात नागदेवांच्या आठवणी आहेत, त्यांत ही ओढाताण पुन्हा पुन्हा दिसते. नियम त्यांनी सोडला नाही, पण आपल्याकडे आलेल्यांना दूरही लोटले नाही. ज्या गुरूने नुसताच नियम वाचून दाखवला असता, त्याच्याभोवती इतकी माणसे जमली नसती, असे मला वाटते.

सुमारे १३०२ साली नागदेवांनी देह ठेवला. पुढे पंथात वेगवेगळ्या शाखा झाल्या. पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या गेल्या, त्यामुळे विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या लोकांना त्या वाचता आल्या नाहीत. आता रिद्धपूरलाच मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. मोर्शीच्या बाजूला जाणे झाले तर गावात जरूर उतरा. गोविंदप्रभूंचा राजमठ तिथे आहे.