विस्मृतीचा हिशेब मांडणारे हेर्मान एबिंगहाउस

विसरणे हा विद्यार्थ्याचा अपराध आहे, अशी समजूत शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. काल पाठ केलेली कविता आज अडली की मुलाने मान खाली घालायची आणि गुरुजींनी त्याच्या आळशीपणाची नोंद घ्यायची, हा क्रम जगातील बहुतेक देशांत सारखाच होता. विसरणे हा दोष नसून मनाचा धर्म आहे, त्याला काही नियम आहेत आणि ते नियम ओळखले तर त्यांच्यावर बरीचशी मातही करता येते, हे आकडे मांडून प्रथम दाखवले ते जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी. अध्यापक विद्यालयाची पायरी चढलेल्या प्रत्येक शिक्षकाला त्यांचे नाव आणि त्यांचा विस्मरण वक्र परिचित असतो. त्या वक्रामागील माणूस मात्र फारसा परिचित नाही.

एबिंगहाउस यांचा जन्म 24 जानेवारी 1850 रोजी प्रशियातील बार्मेन या गावी एका सधन व्यापाऱ्याच्या घरी झाला. हे गाव आज वुपर्टाल शहराचा एक भाग आहे. गावातील शालेय शिक्षण संपवून वयाच्या सतराव्या वर्षी ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. इतिहास आणि भाषाशास्त्र शिकण्याच्या हेतूने ते तेथे गेले होते. परंतु हळूहळू तत्त्वज्ञानाने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा अभ्यास बाजूला ठेवून ते सैन्यात गेले. युद्धावरून परतल्यावर 1873 मध्ये त्यांनी बॉन येथेच डॉक्टरेट संपादन केली.

त्यानंतरची काही वर्षे स्थैर्याची नव्हती. इंग्लंड आणि फ्रान्स या देशांत शिकवण्या करीत, स्वतःचे वाचन वाढवीत ते राहिले. या भ्रमंतीत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्यांच्या हाती गुस्टाव फेख्नर यांचा मनोभौतिकीवरील ग्रंथ लागला. वजन, प्रकाश, आवाज यांची माणसाला होणारी जाणीव मोजता येते, हे फेख्नर यांनी त्यात दाखवले होते. संवेदना मोजता येत असेल, तर स्मृती का मोजता येऊ नये, हा प्रश्न त्या वाचनातून एबिंगहाउस यांच्या मनात रुजला. त्या काळी स्मृती हा तत्त्वचिंतकांचा विषय होता. तिच्याविषयी सुंदर विवेचने होती, उपमा होत्या, पण आकडा एकही नव्हता.

त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, सहकारी नव्हते, पाठीशी कोणती संस्थाही नव्हती. म्हणून त्यांनी प्रयोगासाठी स्वतःचीच निवड केली. 1879 मध्ये त्यांनी कामास आरंभ केला. पहिली अडचण साहित्याची होती. एखादी कविता किंवा उतारा पाठ करताना अर्थ, आवड, पूर्वीची ओळख आणि यमक या साऱ्यांची मदत होते. ती मदत किती, हे सांगता येत नाही. यावर त्यांनी एक उपाय योजला. दोन व्यंजनांच्या मध्ये एक स्वर घालून त्यांनी निरर्थक अक्षरगट तयार केले. मराठीत ‘वूप’, ‘केझ’, ‘नोघ’ असे काही लिहावे, त्या जातीचे ते होते. अशा सुमारे 2300 अक्षरगटांतून यदृच्छेने काही उचलून ते त्यांची माळ करीत. मग घड्याळाच्या ठोक्याबरोबर एकसारख्या गतीने ती माळ वाचीत जायची आणि न पाहता, न अडखळता एकदा म्हणता आली की थांबायचे. किती वाचने लागली आणि किती सेकंद गेले, याची नोंद तत्काळ व्हायची.

या कामाचा कंटाळवाणेपणा कल्पनेनेच समजून घ्यावा लागतो. ज्याला अर्थ नाही, ज्याचा उपयोग नाही आणि जे विसरण्यासाठीच पाठ करायचे आहे, असे साहित्य हा तिशीतला विद्वान महिनोन्‌महिने ठरलेल्या वेळी पाठ करीत होता. प्रयोगात बाधा येऊ नये म्हणून त्यांनी दिनक्रमही एकसारखा ठेवला होता. मिळालेले निष्कर्ष त्यांनी लगेच छापले नाहीत. 1883 मध्ये त्यांनी पुन्हा नव्याने प्रयोग हाती घेतले, आधीचे पडताळून पाहिले आणि मगच 1885 मध्ये ‘स्मृतीविषयी’ अशा अर्थाच्या नावाचा आपला लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे आकडे एकाच माणसाचे आहेत आणि ते तसेच मानावेत, ही मर्यादा त्यांनी ग्रंथातच स्पष्टपणे नोंदवली.

या ग्रंथातील सर्वांत मोलाची कल्पना म्हणजे बचतीची पद्धत. पाठ केलेली गोष्ट आठवत नाही, म्हणजे ती मनातून पूर्णपणे गेली, असे तोवर मानले जात असे. एबिंगहाउस यांनी वेगळा विचार केला. एखादी माळ पाठ करण्यास प्रथम वीस मिनिटे लागली आणि काही काळाने, ती विसरल्यासारखी वाटत असताना, पुन्हा पाठ करण्यास बाराच मिनिटे पुरली, तर आठ मिनिटे वाचली. म्हणजे चाळीस टक्के श्रम मनात कोठेतरी शिल्लक होते. आठवणीचा मागमूसही दिसत नसताना तिचे अस्तित्व सिद्ध करणारी ही रीत होती.

याच मापाने त्यांनी विस्मरणाचा वेग मोजला. पाठ केल्यानंतर वीस मिनिटांनी सुमारे 58 टक्के बचत उरे, एका तासाने 44, एका दिवसाने 34, सहा दिवसांनी 25 आणि एका महिन्याने 21 टक्के. पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक लाभ हातचा जाई. पुढे मात्र गळती मंदावे आणि सहा दिवस व एक महिना यांत फारसा फरक उरत नसे. विस्मरण वक्र तो हाच. या आकड्यांचा अर्थ लावताना पुढे पुष्कळांनी गल्लत केली. विद्यार्थी एका दिवसात शिकवलेल्यापैकी दोन तृतीयांश भाग विसरतो, असे त्यांच्या नावावर सांगितले जाते. एबिंगहाउस यांनी तसे कधीच दाखवले नव्हते. त्यांनी मोजली ती वाचलेली मेहनत, आणि तीही निरर्थक अक्षरगटांची.

अर्थ असेल तर चित्र किती पालटते, हेही त्यांनीच तपासले. बायरनच्या ‘डॉन जुआन’ या काव्यातील कडवी त्यांनी त्याच रीतीने पाठ केली. सुमारे ऐंशी अवयवांचे एक कडवे दहापेक्षा कमी वाचनांत मुखोद्गत होई. तेवढेच निरर्थक साहित्य असते तर जवळजवळ दहापट श्रम पडले असते. अर्थ समजून घेणे हे पाठांतराच्या आधीचे काम आहे आणि तेच त्यातील सर्वांत मोठी बचत आहे, हा धडा त्यातून मिळतो. एका वेळी किती घ्यावे, याचेही उत्तर त्यांच्या नोंदींत आहे. सात अक्षरगटांची माळ त्यांना एकाच वाचनात म्हणता येई. बारांची केली की सुमारे सतरा वाचने लागत, चोविसांची केली की चव्वेचाळीस. ओझे दुप्पट होताच श्रम दुपटीहून अधिक वाढत. मोठा पाठ लहान भागांत घ्यावा, हे त्यावरून उघड होते.

तथापि व्यवहारात सर्वाधिक उपयोगी ठरावा असा त्यांचा निष्कर्ष विभागलेल्या सरावाचा आहे. बारा अक्षरगटांची माळ एकाच बैठकीत 68 वेळा घोकली, तर दुसऱ्या दिवशी ती अचूक म्हणता येण्यासाठी आणखी सात वाचने लागत. तोच परिणाम सराव तीन दिवसांत विभागला असता केवळ 38 वाचनांत साधे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेली घोकंपट्टी आणि दररोज थोडी थोडी केलेली उजळणी यांतील अंतर अशा रीतीने प्रथमच आकड्यांत उतरले. मराठी घरांतून दिवेलागणीला परवचा म्हणण्याची जी प्रथा होती, तिच्यामागचे शहाणपण याच जातीचे होते. पाढे एका दिवसात कोणी पाठ करीत नसे. ते रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे, जिभेवर येत राहत.

त्यांच्या प्रयोगांतून निघणारी दैनंदिन शिस्त अशी अगदी साधी आहे. आधी अर्थ लावावा. मग लहान भाग घ्यावा. पुस्तक मिटून स्वतः म्हणून पाहावे, कारण पाहून वाचता येणे आणि न पाहता म्हणता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली उजळणी त्याच दिवशी करावी, कारण गळती तेव्हाच वेगाने होते. आणि पुढच्या उजळण्या दिवसांच्या अंतराने कराव्यात. माणसांची नावे, कामांच्या यादी, सभेत बोलायचे मुद्दे या साऱ्यांना ती लागू पडते.

ग्रंथाच्या प्रसिद्धीनंतर 1886 मध्ये एबिंगहाउस यांची बर्लिन विद्यापीठात दुय्यम श्रेणीच्या प्राध्यापकपदी नेमणूक झाली. तेथे त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि 1890 मध्ये आर्थर क्योनिग यांच्यासह मानसशास्त्राचे एक नियतकालिक सुरू केले. मात्र त्यांचे लेखन मोजकेच राहिले. विभागाचे प्रमुखपद 1894 मध्ये कार्ल स्टुम्फ यांच्याकडे गेले. एबिंगहाउस यांचे प्रकाशित लेखन अल्प असणे, हे त्याचे कारण मानले जाते. ज्याने एका ग्रंथासाठी वर्षानुवर्षे स्वतःला घड्याळाला बांधून घेतले आणि सारे पुन्हा पडताळल्याविना छापले नाही, त्याला ग्रंथांच्या संख्येवरून मागे राहावे लागले. त्याच वर्षी ते ब्रेस्लाउ येथे गेले. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्स्वाफ या नावाने ओळखले जाते.

ब्रेस्लाउने त्यांना शाळेच्या दारी आणले. सलग पाच तासांच्या सकाळच्या शाळेने मुले थकतात काय, हा प्रश्न तेथील नगर प्रशासनापुढे होता. एबिंगहाउस यांनी मुलांसाठी ज्या चाचण्या योजल्या, त्यांत एक नवी होती. उताऱ्यातील काही शब्द व अक्षरे गाळायची आणि मुलांनी अर्थ जुळवून ती भरायची. 1897 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात वर्गातील प्रगतीशी सर्वांत चांगला मेळ याच चाचणीचा बसला. पुढे 1905 मध्ये आल्फ्रेड बीने यांनी आपल्या प्रसिद्ध बुद्धिमापन श्रेणीत याच प्रकारच्या चाचणीला स्थान दिले. प्रश्नपत्रिकेत रिकाम्या जागा भरा हा प्रश्न सोडवणाऱ्या मुलांना त्याचा हा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. निव्वळ पाठांतराने तो सुटत नाही, तुटलेला अर्थ जोडावा लागतो. स्मृतीचे माप घेणाऱ्यानेच स्मृतीपलीकडील बुद्धीचेही माप शोधले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

1905 मध्ये ते हाले विद्यापीठात गेले. मानसशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील आपला मोठा ग्रंथ त्यांनी फेख्नर यांना अर्पण केला होता. जुन्या दुकानातील त्या पुस्तकाचे ऋण ते विसरले नव्हते. त्या ग्रंथाचा दुसरा खंड मात्र पुरा झाला नाही. 26 फेब्रुवारी 1909 रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले आणि अपुरे काम एर्न्स्ट ड्यूर यांनी पूर्ण केले. एका माणसाने स्वतःवर घेतलेले ते आकडे काळाच्या कसोटीला उतरले. 2015 मध्ये ॲमस्टरडॅम येथील संशोधकांनी त्यांचा प्रयोग नव्याने केला, तेव्हा वक्र जवळजवळ तसाच आला.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक पडताळणी केली होती. तरुणपणी पाठ केलेली ‘डॉन जुआन’ची कडवी वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हाताळली नव्हती, आणि ती आता आठवतही नव्हती. त्यांनी ती पुन्हा पाठ केली आणि सोबत त्याच काव्यातील कधीही पाठ न केलेली कडवीही घेतली. जुन्या कडव्यांना कमी वेळ लागला. बचत थोडी होती, पण ती मोजता येत होती. आणि जी कडवी तरुणपणी अनेक दिवस उजळली होती, तिच्यात ती अधिक होती.

शाळा सोडून दशके लोटल्यावर इथे शिकलेले सारे विसरलो, असे सहज म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी एबिंगहाउस यांची ही शेवटची नोंद आहे. जुने पुस्तक पुन्हा उघडले, जुनी कविता पुन्हा म्हणू लागले की ओळी पूर्वीपेक्षा लवकर ओठांवर येतात. वर्गात रोजच्या रोज करून घेतलेली उजळणी वाया गेलेली नसते. तिचा काही अंश, आठवत नसतानाही, शिल्लक असतो.