रात्री बारानंतर उठणारी कळ : बाबासाहेबांच्या पायदुखीला नाव काय होतं?

गोंदियाहून रेल्वेने डोंगरगडकडे निघालात की महाराष्ट्र संपता संपता दरेकसा लागतं. दोन्ही बाजूंना जंगल, डोंगर आणि पुढे लगेच छत्तीसगड. आज हे गाव गोंदिया जिल्ह्यात आहे, पण गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली. १९५४ मध्ये हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा होता मध्य प्रदेशात.

याच भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातली शेवटची निवडणूक लढवली.

लोकसभेची पोटनिवडणूक होती. विदर्भातला उन्हाळा आणि त्यात प्रचार. मे १९५४ मध्ये निकाल लागला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी जिंकले. इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असते. निकालानंतर काय झालं ते मात्र कमी सांगितलं जातं.

जून ते ऑक्टोबर १९५४ बाबासाहेब अंथरुणाला खिळून होते. एक कारण अधू झालेली नजर आणि दुसरं कारण घेत असलेल्या औषधांचे दुष्परिणाम. म्हणजे ज्या गोळ्या-इंजेक्शनांनी बरं वाटायचं, त्यांनीच माणसाला झोपवलं होतं.

हे दुखणं सुरू कधी झालं ?

त्यासाठी १९४८ मध्ये जावं लागतं. संविधानाच्या मसुदा समितीत सात जण होते. कुणी राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, कुणी परदेशात होतं, कुणी आजारी. सगळा भार एका माणसावर आला. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी मसुदा सादर केला. नेमक्या याच महिन्यांत त्यांची झोप उडाली होती. पाय दुखायचे. कळ मध्यरात्री यायची आणि उजाडेपर्यंत थांबायची नाही. रात्र अशी काढायची आणि सकाळी पुन्हा कलमं, उपकलमं. मधुमेह होताच. इन्सुलिन चालू होतं, जोडीला होमिओपॅथीची औषधंही घेऊन झाली.

डॉक्टर या दुखण्याला न्यूरायटिस म्हणायचे, म्हणजे नसांचा दाह. सोबत संधिवाताचंही नाव घेतलं जायचं. आता गंमत बघा, ही दोन्ही नावं दुखतंय कुठे एवढंच सांगतात. का दुखतंय, ते सांगत नाहीत. नस आणि सांधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचे उपचारही वेगळे. पण त्या काळात नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी तपासणी दवाखान्यांत रुळलेली नव्हती. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी आजची रक्तचाचणी यायला अजून काही दशकं होती.

आज एखादा मधुमेही पेशंट येऊन रात्री पाय जळतात, दुखतात असं म्हणाला तर डॉक्टर सगळ्यात आधी मधुमेहाने नसा खराब झाल्यात का ते तपासतील. सर्वांत लांब नसा पायाच्या, म्हणून त्रास पावलांपासून सुरू होतो आणि रात्री वाढतो. बाबासाहेबांची लक्षणं या वर्णनाशी बरीच जुळतात. तरीही कागदावरची लक्षणं वाचून सत्तर-ऐंशी वर्षांनी निदान करणं धाडसाचंच.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एक वेगळीच गोष्ट घडत होती. संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन, म्हणजे स्टेरॉइड दिलं गेलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. जगाला वाटलं, दुखणं संपलं.

पण ते संपलं नव्हतं. चेहरा सुजायचा, हाडं ठिसूळ व्हायची, साखर चढायची. मधुमेहीसाठी तर हे दुधारी हत्यार. औषध थांबवलं की कळ परत हजर. त्याहून वाईट म्हणजे बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. अशात गोळी एकदम सोडली तर जीवावर बेततं, म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावा लागतो. (गुडघेदुखीवर मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडल्याचे प्रकार आपल्याकडे आजही होतात. खाणाऱ्याला ते माहितीच नसतं.)

बाबासाहेबांवर उपचार करत होते मुंबईचे डॉ. माधवराव मालवणकर. त्यांच्याकडे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचा विवाह झाला. त्याच पुढे सविता आंबेडकर, म्हणजे माईसाहेब. आता घरातच डॉक्टर आली. पथ्य, इन्सुलिन, वेळापत्रक सगळं त्यांनी हातात घेतलं.

तब्येत तरीही वर-खाली होतच राहिली. ऑगस्ट १९५१ मध्ये बाबासाहेबांनी नेहरूंना कळवलं की डॉक्टर उपचारांसाठी मागे लागलेत, पण त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागायला हवं. बिल लागलं नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. राजीनाम्याची कारणं राजकीय होती. तब्येतीचं कारण पुढे करून निघून जाणं त्यांना सहज शक्य होतं, त्यांनी ते केलं नाही.

१९५१ मध्येच त्यांनी बुद्धावरचा ग्रंथ लिहायला घेतला होता. मधल्या चार-पाच वर्षांत दुखणं इतक्या वेळा उलटलं की डॉक्टरांनीही आशा सोडल्यासारखं झालं होतं. या ग्रंथासाठी लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्यांनी माईसाहेबांचं आणि मालवणकरांचं ऋण मान्य केलं आहे.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांसमोर ते काठीच्या आधाराने उभे होते. पुढच्या महिन्यात काठमांडूच्या बौद्ध परिषदेला जाऊन आले. ग्रंथाचं हस्तलिखित पूर्ण झालं आणि ६ डिसेंबरच्या पहाटे दिल्लीतल्या घरी झोपेतच ते गेले.

पुढे जे झालं ते माईसाहेबांनी भोगलं. आजार नेमका काय होता हे सामान्य माणसाला कधी कळलंच नव्हतं, त्यामुळे संशयाला जागा मिळाली आणि बोट थेट डॉक्टर पत्नीकडे गेलं. सरकारने चौकशी केली, मृत्यू नैसर्गिक असल्याचं निष्पन्न झालं. कुजबुज तरी अनेक वर्षं चालू राहिली. १९९० मध्ये माईसाहेबांचं ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे पुस्तक आलं, तेव्हा त्या आजारांची आणि उपचारांची हकीकत त्यांच्या बाजूने वाचकांसमोर आली. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा चौतीस वर्षं होत आली होती.